अंगठा

बोरीच्या अलीकडे, ज्वारीच्या रानात, आमचं सबस्टेशन.
रात्रपाळीला मी एकटीच यंत्रचालक.
सोबतीला ट्रान्सफॉर्मरची घरघर
आणि टेबलावर चार्जिंगला लावलेला
ग्रुप : ‘३३ केव्ही परिवार’.

आधी नुसतं लॉगबुक होतं, लाल कापडी पाठीचं,
आणि दोरीनं खिळ्याला बांधलेला फोन.
मुंजाजी वायरमन कुणाच्या तरी आखाड्यावरून बोलायचा,
‘मॅडम, गावठाण फीडर बंद करा. चढायलो.
अन् माझा आवाज आल्याबिगर
कुणाच्या बापाचं बी ऐकू नका.’
मी वेळ लिहायची. दहा चाळीस. परमिट दिलं.
त्याच्या आवाजात तंबाखू कळायची, लागलेला दम कळायचा,
घरी भांडून आलाय का, तेही.

आता सगळं ग्रुपवर.
थकबाकीची यादी, मीटरचे फोटो,
कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस,
रजेचा अर्ज, आणि त्याच्यावर साहेबांचं नुसतं ‘ओके’.
ते ‘ओके’ कानाशी धरलं तरी कळत नाही
रागानं म्हणाले, का जेवता जेवता.

सोय आहे, खोटं कशाला बोलू.
रजेसाठी परभणीची खेप वाचली.
चिखलात रुतलेली जीप
नकाशावर निळ्या टिंबासारखी सापडते.
आणि समोर उभं राहून जे सहा वर्षं जमलं नाही
ते मी एकदा टाइप करून विचारलं :
‘लेडीज स्टाफला संडास कधी?’
सत्तावीस जणांनी वाचलं.
उत्तर नाही. पण वाचल्याची तारीख आहे.

मग ती रात्र.
वारं सुटलेलं, वेड्या बाभळीची फांदी तारेवर.
मी फीडर पाडला, ग्रुपवर लिहिलं : बंद. चढा.
पुढं काहीच नाही.
गावातून फोनावर फोन. कुणाची पिठाची गिरणी, कुणाचं लेकरू रडतंय.
साहेब : ‘स्टेटस?’
साहेब : ‘स्टेटस??’
दोन प्रश्नचिन्हं म्हणजे साहेब खुर्चीतून उठलेत.

अकरा बावीसला मुंजाजीच्या नावापुढं
एक अंगठा.
पिवळा, गुळगुळीत.

साहेब : ‘झालं म्हणतोय तो. चार्ज करा.’

माझा हात मुठीवर गेलेला.
माझ्या आईचा अंगठा रोजगार हमीच्या मस्टरवर असायचा,
जांभळा, मधोमध विळ्याची चीर.
हजारात ओळखला असता मी.
ह्या अंगठ्याला रेषाच नाहीत.
काम झालं म्हणून आहे, का दिसलं म्हणून,
का साहेब, तुम्ही ओरडू नका म्हणून?

मी फोन लावला. वाजून वाजून बंद.
परत लावला.
ग्रुपवर : ‘मॅडम??’
परत.
सहाव्यांदा नुसतं वारं ऐकू आलं, मग लांबून
‘थांबा की! वरच हाय मी.’

‘मग तो अंगठा?’

‘त्यो चढतानाचा. बरं म्हणून दिल्ता.
खाली रेंज नव्हती,
वर आल्यावर गेला आसल.’

मूठ सोडली तरी हाताला
लोखंडाचा वास येत राहिला.
साहेबांना काय लिहावं सुचेना.
‘अजून वर आहेत’ लिहिलं,
त्यांनी वाचलं, आणि बराच वेळ
‘टाइप करत आहेत’ असं दिसत राहिलं,
आलं मात्र काहीच नाही.

बारा पाचला मुंजाजी बोलला,
‘उतरलो. दोघंबी खाली हायेत. लावा.’
गाव उजळलं.
ग्रुपवर टाळ्या, जोडलेले हात,
आणि साहेबांचा अंगठा.

लॉगबुकात मी पेनानं लिहिलं,
तिथं अजून पेनच चालतं :

२३.२२ अंगठा आला.
००.०५ आवाज आला.